बिडाने खाल्लेली धार

कोल्हापूरच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये महिनाअखेरीला एक वाद ठरलेला असतो. टिपा एवढ्या का लागल्या? (टिप म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवायचा, धातू कापणारा छोटा तुकडा.) मालक ऑपरेटरकडे बघतो, ऑपरेटर म्हणतो टिपच हलकी आलीय, टिप विकायला येणारा म्हणतो तुमचा स्पीड चुकलाय. बोलाचाली होते, चहा येतो, पुढच्या महिन्याची ऑर्डर जाते. ज्याच्या भट्टीतून कापायचे कास्टिंग आलेले असते तो मात्र या बैठकीला कधीच हजर नसतो. वीसेक वर्षे बिडाचे काम करताना आणि झिजलेल्या टिपा भिंगाखाली धरून बघताना माझी खात्री होत गेली आहे की, त्याला बोलावल्याशिवाय हा वाद मिटत नाही. टिपेवर काय झाले याची निम्मी हकिगत भट्टीतच घडून गेलेली असते.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, शॉपच्या भाषेत सीआय. आजीच्या घरचा जड काळा तवा बिडाचा, शिवणयंत्राचे नक्षीदार पाय बिडाचे. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती गेला, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्राला ओतकामाची सवय आहे. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ट्रॅक्टरची हाउसिंग, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, पंपांच्या बॉडी ओतल्या जातात आणि जवळच्याच शेडमध्ये त्यांचे मशीनिंग होते.

रसायनाच्या भाषेत बीड म्हणजे लोखंड, त्यात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन आणि एक ते तीन टक्के सिलिकॉन. एवढा कार्बन थंड झालेल्या लोखंडात विरघळून राहू शकत नाही. रस गोठताना तो बाहेर पडतो आणि ग्रॅफाइट होऊन बसतो. पेन्सिलीत असते तेच ग्रॅफाइट. करड्या बिडात त्याचे पातळ, वाकडेतिकडे पापुद्रे सगळीकडे पसरलेले असतात. तुटलेला तुकडा करडा दिसतो तो त्यांच्यामुळेच.

म्हणून बीड कापायला सोपे, असे पुस्तकात वाचायला मिळते आणि ते खरेही आहे. स्टील टर्न करताना लांबलचक वळ्या निघतात, जॉबभोवती गुंडाळतात, हात कापतात. बिडात तो त्रास नाही. टिप पुढे सरकली की धातू ग्रॅफाइटच्या पापुद्र्यापाशी तडकतो आणि भुगा होऊन खाली पडतो. ग्रॅफाइट वंगणाचेही थोडे काम करते. संध्याकाळी बिडाच्या मशीनवरचा माणूस चटकन ओळखता येतो. बोटांच्या रेषांत काळे भरलेले असते आणि तोंडाला बांधलेला रुमाल नाकापाशी काळा पडलेला असतो.

मग एवढ्या सोप्या धातूत टिप जाते कशाने?

कारण बिडात ग्रॅफाइट एकटे नसते. सगळा कार्बन ग्रॅफाइट होत नाही. काही भाग लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट बनतो. पर्लाइट नावाच्या रचनेत तो अतिशय पातळ थरांनी, मऊ लोखंडाच्या थरांना लागून बसतो. अशा स्थितीत टिप त्याला पुरी पडते. पण हाच सिमेंटाइट सुटा, ढेकळासारखा आला, तर त्याचा कडकपणा विकर्स मापावर हजाराच्या आसपास जातो. वरच्या सालीत चिकटलेली वाळू साधारण तेवढीच कडक. भट्टीत टाकलेल्या स्क्रॅपमधून टायटॅनियम आले असेल तर त्याचे कार्बाइडचे बारीक कण तीन हजारांच्या घरात. ज्या कार्बाइडची टिप बनलेली असते ते सोळाशेच्या आसपास. म्हणजे बिडाचा चेहरा मऊ, पण आत कानस लपलेली.

आता टिपेकडे वळू. 1920 च्या दशकात जर्मनीच्या क्रुप कंपनीने टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टमध्ये बांधून बनवलेले हत्यार ‘विडिया’ या नावाने बाजारात आणले. जर्मन भाषेत ‘हिऱ्यासारखे’ म्हणतात त्याचे ते छोटे रूप. आपल्याकडचे जुने टर्नर अजूनही कुठल्याही कार्बाइडला विडियाच म्हणतात. खऱ्या हिऱ्याचे मात्र लोखंडापुढे चालत नाही. हिरा हा शुद्ध कार्बन, आणि तापलेल्या लोखंडाला कार्बनची भूक असते, ते हिरा विरघळवून टाकते. कार्बाइडलाही याच भुकेची झळ पोचते, थोडी कमी. वेग वाढवला, धार लाल होण्याइतकी तापली, की टंगस्टन कार्बाइड हळूहळू लोखंडात उतरू लागते. ही झीज घासण्याची नाही, विरघळण्याची आहे. तिच्यावर जास्त कडक हत्यार हा उपाय होत नाही. लोखंडाशी अजिबात न मिसळणारा पदार्थ मध्ये हवा.

तो पदार्थ म्हणजे कोटिंग. 1969 च्या सुमारास स्वीडनच्या सँडविकने टायटॅनियम कार्बाइडचा थर चढवलेल्या टिपा आणल्या आणि 1970 च्या दशकात त्यावर अॅल्युमिनाचा थर आला. अॅल्युमिना म्हणजे अॅल्युमिनियमचा ऑक्साइड, माणकाचा आणि नीलमण्याचा मूळ पदार्थ. लोखंड त्याला जवळजवळ विरघळवत नाही. आजच्या बिडासाठीच्या टिपेवर सर्वांत आत टायटॅनियम नायट्राइडचा पातळ चिकटथर असतो. त्यावर टायटॅनियम कार्बोनायट्राइड, उभ्या खांबांसारख्या स्फटिकांचे, घासणीला तोंड देणारे. त्याच्याही वर अॅल्युमिना, उष्णता आणि रसायन अडवणारा. हे थर तापलेल्या भट्टीत वायूंच्या संयोगातून टिपेवर वाढवले जातात. या रीतीला सीव्हीडी म्हणतात आणि तिचे तापमान हजार अंशांच्या आसपास जाते. सगळे थर मिळून जाडी किती? बिडाच्या ग्रेडमध्ये साधारण दहा ते वीस मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन धरली तर त्याचाही पाव हिस्सा.

एवढ्याशा थराच्या भरवशावर साध्या कार्बाइडला मिनिटाला 60 ते 100 मीटर झेपणारा वेग कोटिंगवाली टिप 200 ते 300 मीटरवर नेते. माझ्या मते गेल्या अर्धशतकात मशीन शॉपचा वेग कशाने बदलला असेल तर या केसाच्या पाव जाडीने.

बिडाची टिप दिसायलाही वेगळी. स्टीलसाठी सीएनएमजी घेतात. तिच्या माथ्यावर खाचा-उंचवटे असतात, वळी मोडायला. बिडात भुगा आपसूकच मोडतो, त्यामुळे तिथे सीएनएमए घ्यायची. माथा सपाट, मध्ये फक्त भोक. खाच नसल्याने धारेखाली भरपूर कार्बाइड उरते आणि धक्का सोसता येतो. 120408 या आकड्यांतले 12 म्हणजे धारेची लांबी साधारण 12 मिलिमीटर, 08 म्हणजे नाकाची गोलाई 0.8 मिलिमीटर. डबीवरचे लाल चिन्ह आणि के हे अक्षर बिडाचे, निळे पी स्टीलचे. स्टीलसाठीची उरलेली टिप बिडात ‘चालून जाईल’ म्हणून लावणारे बरेच बघितले. चालते खरी, पण अर्ध्या वाटेपर्यंत.

या टिपेला किती चालावे लागते ते एकदा मोजून बघण्यासारखे आहे. 300 मिलिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलचा चेहरा बाहेरून आत 100 मिलिमीटर व्यासापर्यंत फेस करायचा. फीड फेऱ्याला 0.3 मिलिमीटर. म्हणजे 333 फेरे. सरासरी परीघ 628 मिलिमीटर. गुणाकार केला की एका चेहऱ्याला टिपेची धार बिडातून सुमारे 209 मीटर चालते. एका कोनावर पन्नास जॉब निघाले तर साडेदहा किलोमीटर. टिपेला दोन्ही बाजूंचे मिळून चार कोन. चारही वापरून डब्यात टाकेपर्यंत ती बेचाळीस किलोमीटर चाललेली असते. कोल्हापुरातून पन्हाळ्यावर जाऊन परत येण्याएवढे. तेही अनवाणी, कानशीवरून.

या चालीत कोटिंग कसे झिजते ते नीट समजून घ्यायला हवे, कारण इथे बहुतेकांची समजूत चुकते. कोटिंग गेले की टिप संपली, असे लोक धरून चालतात. टिपेच्या बाजूची जी भिंत जॉबला घासते, तिच्यावर धारेखाली एक चकचकीत पट्टी उमटते. तिची उंची हे झिजेचे माप. आंतरराष्ट्रीय प्रमाणात सरासरी 0.3 मिलिमीटर ही मर्यादा मानतात. आता टिप होल्डरमध्ये साधारण सहा अंश कललेली असते. त्या कोनाचा हिशेब केला, तर पंधरा मायक्रॉनचे कोटिंग पट्टी 0.14 मिलिमीटरची होते तेव्हाच धारेपाशी आरपार झिजलेले असते. म्हणजे निम्म्या आयुष्यातच पाया उघडा पडतो! तरीही टिप पुढे तेवढीच चालते, कारण उघड्या पडलेल्या त्या अरुंद पट्टीच्या वर माथ्यावरचे आणि खाली भिंतीवरचे कोटिंग शाबूत असते. दोन्हीकडून ते पट्टीला आवळून धरते, तिला रुंदावू देत नाही. विहिरीचे मधले दोन दगड निखळले तरी आजूबाजूचे बांधकाम माती धरून ठेवते, तसे. संकट येते ते या कडा सुटायला लागतात तेव्हा.

त्या सुटतात कशाने? एक कारण कोटिंगच्या जन्मातच आहे. हजार अंशांवर थर चढतो, मग टिप थंड होते. थंड होताना कोटिंग पायापेक्षा जास्त आकसू पाहते, पाया तेवढे आकसू देत नाही. परिणामी कोटिंग कायम ताणाखाली असते, त्यात केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात. नवी कोरी टिप मायक्रोस्कोपखाली बघितली तर उन्हाळ्यातल्या सुकलेल्या तळ्याच्या तळासारखी जाळी दिसते. म्हणून बनवणारे शेवटी तिच्यावर पाण्यातून बारीक अॅल्युमिनाच्या कणांचा मारा करतात. त्याने वरचा थर दाबला जातो, ताण उतरतो. दुसरे कारण शॉपमधले. मिलिंगमध्ये धार एकदा जॉबमध्ये तापते, एकदा हवेत निवते. त्यात वरून कूलंट ओतले की तापणे-निवणे आणखी झपाट्याने होते आणि धारेला काटकोनात, कंगव्याच्या दातांसारख्या चिरा जातात. बिडाचे मिलिंग कोरडे करा असे जुने लोक सांगतात ते उगाच नाही. कूलंट आणि बिडाचा भुगा मिळून जो काळा चिखल होतो, तो मशीनच्या स्लाइडवर बसतो तो वेगळाच.

झिजेचा परिणाम मापावर लगेच दिसतो. पट्टी 0.3 मिलिमीटर झाली की त्याच सहा अंशांमुळे धार सुमारे 0.03 मिलिमीटर मागे सरकलेली असते. म्हणजे व्यासात 0.06 चा फरक. बेअरिंग बसायच्या जागेला एवढी चूक फार झाली. म्हणून चांगला ऑपरेटर दर दहा जॉबला माप घेतो आणि ऑफसेट देत जातो. आकडे टिपून ठेवले की झीज कागदावर दिसते. सुरुवातीला थोडी जोरात, मग बराच वेळ संथ, आणि शेवटी एकदम झपाट्याने वाढणारी. तिसरा टप्पा लागण्याच्या आत कोन फिरवला की फिनिश बिघडत नाही आणि टिप तुटत नाही.

वेगाशी झिजेचे नाते फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने 1907 मध्ये मांडले. सव्वीस वर्षे त्याचे प्रयोग चालले होते, त्यात आठ लाख पौंड, म्हणजे साडेतीन लाख किलोंहून जास्त लोखंड आणि पोलाद भुगा झाले. त्याच्या सूत्रातला घातांक कार्बाइडसाठी साधारण पाव धरला, तर वेग वीस टक्के वाढवताच टिपेचे आयुष्य निम्म्यावर येते. फीड वाढवल्याने एवढे नुकसान होत नाही. घाईच्या दिवसात सगळ्यांचा हात आधी स्पीडच्या बटनाकडे जातो, आणि नेमके तेच बटन सर्वांत महाग आहे.

आता भट्टीकडे. टेलरचे सूत्र गृहीत धरते की कापायचा माल सारखा आहे. आपल्याकडे तो सारखा नसतो. कोल्हापुरात पूर्वी क्युपोला होत्या. कोक जळायचा, कोकमधले गंधक बिडात यायचे. ते जास्त झाले की त्रास, म्हणून सगळे गंधकाला शिव्या घालत. पुढे इंडक्शन भट्ट्या आल्या. स्टीलचे स्क्रॅप, वीज, धूर कमी, रसायन हातात. बीड स्वच्छ झाले आणि गंधक खाली गेले. पण थोडे गंधक बिडाला हवेच असते. ते मँगनीजशी मिळून बारीक कण बनवते आणि त्या कणांच्या आधाराने ग्रॅफाइट उगवते. गंधक 0.05 टक्क्याच्या खाली गेले की ग्रॅफाइटला बीच मिळत नाही. कार्बन मग सिमेंटाइट होऊन बसतो, आधी पातळ भागात आणि कोपऱ्यांवर, जिथे वाळू उष्णता लवकर ओढून घेते. यालाच चिल म्हणतात. तो भाग तोडला तर करडा दिसत नाही, पांढरा चमकतो. स्वच्छ बीड टिपेला जड जाऊ शकते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

मँगनीज सल्फाइडचा आणखी एक उपकार आहे. सीबीएन, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडच्या, टिपेने करडे बीड मिनिटाला आठशे-हजार मीटरने कापताना हे मऊ सल्फाइड धारेवर पातळ लेप बनवून बसते आणि तिला वाचवते. कॉम्पॅक्टेड ग्रॅफाइटच्या बिडात, जे डिझेल इंजिनांच्या ब्लॉकसाठी वापरतात, मॅग्नेशियम घालावे लागते. गंधक त्याच्याकडे जाते, लेप बनत नाही आणि त्याच वेगाला तीच सीबीएन टिप करड्या बिडातल्या आयुष्याच्या किरकोळ अंशात संपते. एसजी बिडातही मॅग्नेशियमच असते. तिथे ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात बसते, धातू सलग राहतो, तुकडा लवकर मोडत नाही, आणि टिपेच्या माथ्यावर उष्णता जास्त वेळ टिकते. एसजीच्या टिपेवर म्हणूनच भिंतीबरोबर माथ्यावरही खड्डा दिसतो.

एक गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. ओतल्यावर दुसऱ्याच दिवशी मशीनवर घेतलेले करडे बीड टिपेला जास्त त्रास देते. आठवडा-दोन आठवडे पडून राहिले तर त्याची ताकद थोडी वाढते आणि तरीही टिप कमी झिजते. लोखंडात अडकलेला नायट्रोजन खोलीच्या साध्या तापमानाला हळूहळू बाजूला होत राहतो, असे त्याचे कारण सांगतात. आमचे जुने मिस्त्री कास्टिंग अंगणात टाकून ठेवायचे आणि म्हणायचे, “मुरू दे की जरा.” हल्ली सकाळी ओतलेले संध्याकाळी ट्रकमध्ये असते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे फ्लायव्हीलचा नेहमीचा माल चालू होता, कोनाला पन्नासच्या आसपास. एका लॉटमध्ये हा आकडा बारावर आला. टिप तीच, प्रोग्राम तोच, मशीन तेच. ऑपरेटर बिचारा दोन दिवस बोलणी खात होता. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या डब्यातल्या आठ-दहा टिपा काढल्या आणि भिंगाखाली लावल्या. नाकापाशी भिंत छान होती, पट्टी सरळ, जेमतेम 0.1 मिलिमीटर. पण नाकापासून अडीच मिलिमीटरवर, जिथे जॉबची वरची साल धारेला भेटते तिथे, प्रत्येक टिपेवर एकच खूण होती. काळे कोटिंग उडालेले, खाली राखाडी कार्बाइड उघडे, आणि त्यात तुटलेल्या साखरेच्या खड्यासारखी चमक. वेग चुकला असता तर पट्टी सगळीकडे रुंदावली असती. टिप हलकी असती तर खुणा जागा बदलत्या. या सगळ्या एकाच जागी होत्या.

एक रिजेक्ट फ्लायव्हील घणाने फोडले. आत सगळे करडे, आणि रिमच्या कडेला दोन मिलिमीटरची पांढरी किनार.

तो तुकडा आणि त्या टिपा एका पिशवीत घालून मी फाउंड्रीत गेलो. तिथले मोल्डिंगचे मामा वयाने मोठे, त्यांनी टिपांकडे बघितलेही नाही. तुकडा उन्हात धरला, अंगठा किनारीवरून फिरवला आणि म्हणाले, “लाडल थांबलं हुतं त्या दिवशी. लाइन अडकली हुती.” झाले एवढेच होते. ग्रॅफाइटला बी मिळावे म्हणून रसात जे फेरोसिलिकॉनचे इनॉक्युलंट टाकतात, त्याचा गुण दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. साच्यांची लाइन खोळंबली, लाडलमधला रस वाट बघत राहिला, आणि शेवटचे साचे भरताना बी मेलेले होते. रसायनाच्या रिपोर्टात सगळे आकडे बरोबर होते, कारण रसायन बदललेलेच नव्हते.

त्यानंतर त्यांनी लाडलवर खडूने वेळ लिहायला सुरुवात केली. दहा मिनिटे झाली की उरलेला रस पुन्हा भट्टीत. पुढच्या लॉटला कोनाला अठ्ठेचाळीस जॉब निघाले. ऑपरेटरने तो आकडा मशीनच्या दारावर स्वतःहून लिहून ठेवला, आणि शेवटची टिप माझ्या टेबलावर आणून दिली. पट्टी सलग, 0.28 मिलिमीटर, अडीच मिलिमीटरवरचे काळे कोटिंग जागच्या जागी.

वापरलेल्या टिपा किलोवर विकल्या जातात. त्यांतले टंगस्टन मोलाचे असते, ते वेगळे काढून, शुद्ध करून पुन्हा टिपा होतात. डबा भरला की भंगारवाला येतो, तराजू लावतो. त्या डब्यातून मी दोन टिपा काढून ठेवल्या आहेत, बाराची एक आणि अठ्ठेचाळीसची एक. नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात भिंग देतो आणि दोन्ही टिपा कागदावर शेजारी शेजारी ठेवतो.